सांकेतिक भाषेचे दुभाषे आणि विद्यापीठांचे कर्तव्य

ज्याला बोलता येत नाही अशा माणसाची साक्ष न्यायालयाने कशी घ्यावी, याचा विचार १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात केलेला होता. अशा साक्षीदाराने लिहून अथवा खुणा करून साक्ष द्यावी, मात्र ती भर न्यायालयात द्यावी, असे कलम ११९ सांगत होते. त्या खुणा न्यायाधीशाला समजाव्यात कशा, याचे उत्तर कायद्यात येण्यास मात्र १४१ वर्षे जावी लागली. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचारानंतर २०१३ साली फौजदारी कायद्यांत दुरुस्त्या झाल्या. अशा वेळी न्यायालयाने दुभाष्याचे अथवा विशेष शिक्षकाचे साहाय्य घेतलेच पाहिजे आणि जबानीचे चित्रीकरण केले पाहिजे, हे बंधन तेव्हा आले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ते कायम ठेवले आहे. कायद्याने आपले काम केले. आता प्रश्न उरतो तो हा, की दुभाषा आणावयाचा कोठून?

२०११च्या जनगणनेत ५० लाखांहून अधिक नागरिकांची नोंद श्रवणदोष असलेले म्हणून झाली. यांतील सर्वच सांकेतिक भाषा वापरतात असे नाही. परंतु जे वापरतात त्यांच्यासाठी ती हातवाऱ्यांची तात्पुरती सोय नसून पूर्ण भाषा आहे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्न आणि नकार त्यात हातांइतकेच चेहऱ्यानेही व्यक्त होतात. मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगलोर येथे केलेल्या अभ्यासाने ही गोष्ट पुढे आणली होती.

मग या भाषेचे दुभाषे तयार का झाले नाहीत? कारण ही भाषा शाळेतूनच हद्दपार करण्यात आली. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने बधिर मुलांच्या शिक्षणात खुणांऐवजी केवळ वाचेचाच अवलंब करावा, असा ठराव केला. त्याची छाया जगभरच्या शाळांवर पडली. आपल्याकडेही मुलाला कसेबसे बोलावयास लावणे हेच शिक्षणाचे ध्येय मानले गेले. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त होण्यास २०१० सालची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. जी भाषा वर्गात निषिद्ध, तिचा दुभाषा विद्यापीठात घडणार कसा?

आपल्या देशात या क्षेत्रातील संस्थेसाठीही बधिर बांधवांना झगडावे लागले. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या आश्रयाने २०११ साली सुरू झालेले केंद्र २०१३ मध्ये गुंडाळण्यात आले. बधिरांच्या संघटना निदर्शने करीत रस्त्यावर आल्या, आणि २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत उभे राहिले. तेथे दुभाष्यांसाठी दोन वर्षांची पदविका आहे. हे संघर्षाचे फळ आहे. त्याचे मोल आम्ही कमी मानीत नाही. परंतु एक अपरिचित भाषा मुळाक्षरांपासून शिकावयाची आणि त्याच दोन वर्षांत न्यायालयातील उलटतपासणी किंवा रुग्णालयातील निदान तिच्यात अचूक सांगण्याइतके सज्ज व्हावयाचे, ही अपेक्षा वाजवी नाही. भाषाशास्त्र, बधिर समाजाचा इतिहास, कायद्याची व वैद्यकाची परिभाषा, गुप्ततेची नीती आणि अनुभवी दुभाष्याच्या हाताखालील उमेदवारी, हे सारे सामावून घेणारी पदवी राज्यांच्या विद्यापीठांतून मिळाली पाहिजे.

अपात्र दुभाषा काय अनर्थ करतो, हे जगाने डिसेंबर २०१३ मध्ये पाहिले. नेल्सन मंडेलांच्या जोहान्सबर्ग येथील श्रद्धांजली सभेत राष्ट्रप्रमुखांच्या शेजारी उभा राहून एक इसम अर्थशून्य खुणा करीत होता. ऐकू येणाऱ्या श्रोत्यांना त्याचा पत्ता लागला नाही; बधिर प्रेक्षकांनी मात्र तत्काळ ओळखले. त्यातील बोध स्पष्ट आहे. दुभाष्याची परीक्षा घेण्याचा अधिकार आणि त्याला शिकविण्याचे काम यांत बधिर शिक्षकांना अग्रस्थान हवे.

येथे एक धोका नजरेआड करून चालणार नाही. पदवी हे नवे जानवे होता कामा नये. बधिर आईबापांच्या पोटी जन्मलेली कितीतरी मुले पाळण्यातच ही भाषा शिकतात आणि लहानपणापासून घरच्यांसाठी दवाखान्यात, कचेरीत दुभाष्याचे काम करतात. त्यांतील अनेकांनी महाविद्यालयाची पायरीही चढलेली नसते. पदवीच्या नावाने उद्या यांनाच दाराबाहेर ठेवले, तर तो अन्याय ठरेल. अमेरिकेतील दुभाष्यांच्या नोंदणी संघटनेने राष्ट्रीय परीक्षेसाठी २०१२ पासून पदवीची अट घातली, तरी अनुभवाच्या आधारे येणाऱ्यांसाठी पर्यायी मार्गही ठेवला. आपणही तसाच मार्ग ठेवावा, आणि गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यावी.

शिकून बाहेर पडलेल्यांना पोट भरता आले नाही, तर मात्र हे सारे व्यर्थ जाईल. आज दुभाष्याचे काम परोपकार समजून फुकटात किंवा तुटपुंज्या मानधनावर करून घेण्याची वृत्ती सर्रास आढळते. श्रमाला दाम हे आपले जुने सूत्र येथेही लागू आहे. जिल्हा न्यायालय, सरकारी रुग्णालय आणि पोलिस यंत्रणा येथे दुभाष्याची पगारी पदे निर्माण झाली पाहिजेत. २०१६च्या अपंग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेला संज्ञापनाचे साधन म्हणून मान्यता दिली आहे; त्या मान्यतेला अंदाजपत्रकात तरतुदीचे बळ हवे.

शेवटी एक प्रश्न स्वतःलाच. आपल्या किती सभांत, कामगारांच्या किती मेळाव्यांत व्यासपीठाशेजारी दुभाषा उभा असतो? कारखान्यातील बधिर कामगार वर्गणी भरतो, मोर्चात चालतो, आणि भाषणाच्या वेळी शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसतो. सरकारकडे मागणी करण्याचा आपला अधिकार निर्विवाद आहे. पुढच्या मेळाव्याच्या खर्चात ध्वनिक्षेपकाच्या भाड्याखाली दुभाष्याच्या मेहनतान्याची एक ओळ लिहून कार्यकर्त्यांनी त्या मागणीचा आरंभ आपल्या घरापासून करावा.