ओव्यांना गुण द्या

जळगावात १९९० साली स्थापन झालेल्या विद्यापीठास २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव लाभले. अक्षरओळख नसलेल्या शेतकरी स्त्रीचे नाव पदवीपत्रावर यावे, हे खानदेशालाच शोभते! परंतु त्यांची गाणी घरच्या मुलांनी ऐकून टिपली, म्हणूनच १९५२ मध्ये ती ग्रंथरूप झाली, याचे स्मरण किती महाविद्यालयांना आहे? धुळे-जळगावच्या खेड्यांतून आलेला विद्यार्थी 'युवारंग' महोत्सवात अहिराणीवर टाळ्या घेतो आणि वर्गात तीच बोली लपवितो. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात हस्तलिखित दैनिक चालविले. त्यास ना अनुदान लागले, ना समिती. कला शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आजीच्या ओव्या उतरवून आणाव्यात, विद्यापीठाने त्यास गुण द्यावेत. ऐंशी ओलांडलेल्या त्या आजी आणखी किती वर्षे गाणार आहेत?