ग्राफिक्स कार्ड शेवटी घ्या

‘८० हजारांत गेमिंग आणि एडिटिंगचा पीसी’ असं मराठीत शोधा, हिंदीत शोधा, इंग्रजीत शोधा. यादी तीच येते. आधी ग्राफिक्स कार्ड, त्यात निम्मं बजेट. मग प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी. सगळ्यात खाली एसएमपीएस, आणि त्याच्यासमोर ‘कुठलाही बरा ब्रँड चालेल’. यूपीएस यादीत नसतोच. अर्थिंगबद्दल तर कुणी चकार शब्द काढत नाही. व्हिडिओ करणारा माणूस ज्या फ्लॅटमध्ये बसलेला असतो तिथे त्याला या गोष्टींचा विचार करावा लागत नसेल. पण त्याचा व्हिडिओ किन्हवलीत, टोकावड्यात, डोळखांबमध्येही बघितला जातो, आणि तिथे यादी उलटी लागते हे त्याला कोण सांगणार?

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. डिग्रीला इलेक्ट्रिकलचे पेपर दिलेत, पासही झालोय. तरीही २०२२ च्या दिवाळीनंतर माझ्या मावसभावासाठी पीसी बनवताना मी ती यादी मुकाट्यानं पाळली. त्यामुळे या लेखातला निम्मा राग माझ्यावरच आहे.

दादा मुरबाड तालुक्यात लग्नाचं शूटिंग करतो. मुरबाड-शहापूरकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम. रात्रभर बँजो, नाच, आणि त्याचं फुटेज मुख्य लग्नापेक्षा जास्त. लग्नं मे महिन्यात संपतात, एडिटिंग आषाढापर्यंत चालतं. रिकाम्या वेळात त्याचा धाकटा मुलगा गेम खेळतो, म्हणून ‘गेमिंग आणि एडिटिंग’. मी आरटीएक्स ३०६० घेतलं, आय-५ १२४००एफ घेतला. पैसे संपले. एसएमपीएस मात्र जुन्या कॅबिनेटसोबत फुकट आलेलाच ठेवला. त्यावर ४५० वॅटचं स्टिकर होतं. ‘पुढच्या सीझनला बदलू’, मी म्हणालो.

पुढच्या जूनमध्ये पहिल्या वळवाच्या वाऱ्यात लाईट गेली, आली, गेली, परत आली. चौथ्यांदा आली तेव्हा बल्ब पांढरेफटक पेटले, आणि मावशी ओरडली की काहीतरी जळतंय. एसएमपीएस गेला. जाताना हार्ड डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड सोबत घेऊन गेला. डिस्कवर सरळगावकडच्या एका लग्नाची हळद होती. नवरीची आजी नाचली होती त्यात. दादानं पैसे परत केले. नवरीच्या बापानं ते घेतले नाहीत, म्हणाला, “पैसं नको, आमची हळद द्या.”

बल्ब पांढरे का पेटले? आपल्या घरात येते ती २३० व्होल्टची एक फेज आणि न्यूट्रल. डीपीपासून येणारा न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला, की कुणाच्या घरी दाब खाली जातो, कुणाच्या घरी वर. वाईट वेळ असेल तर ४०० व्होल्टच्या जवळ. वादळात फांदी तारेवर पडणं ही पावसाच्या तोंडावरची नेहमीची गोष्ट. या दाबापुढे तुमचा प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे याला शून्य किंमत आहे. मशीन आणि तार यांच्यामध्ये काय उभं आहे, एवढाच प्रश्न उरतो. आमच्याकडे एक स्टिकर उभं होतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शहापूर-मुरबाडमध्ये पीसीचे पार्ट भिंतीपासून आतल्या दिशेनं निवडा. आधी अर्थिंग, मग यूपीएस, मग एसएमपीएस, मग स्टोरेज, मग प्रोसेसर. उरलेल्या पैशांत बसेल ते ग्राफिक्स कार्ड.

अर्थिंगपासून सुरू करतो, कारण यावरच सगळे हसतात. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर तुमच्या प्लगच्या वरच्या जाड भोकामागे काहीच नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे बारीक कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंगच नसेल तर तो पत्र्यावर येऊन बसतो, आणि पत्रा शंभरेक व्होल्टवर तरंगत राहतो. करंट नगण्य, म्हणून फक्त मुंग्या. पण त्याचा अर्थ असा की स्पाइक गार्ड म्हणून घेतलेली महागडी पट्टी बऱ्याच अंशी साधी एक्स्टेन्शन बनली आहे, कारण जादा दाब जमिनीत सोडायला तिच्याकडे वाटच नाही. वायरमनला बोलवा, मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्ट ठीक. त्याहून बराच जास्त असेल तर आधी खड्डा खणा, पीसी नंतर.

मग यूपीएस. दुकानात ६०० व्हीएचा डबा पुढे करतात. ६०० हा आकडा वॅटचा नाही. असा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ३०६० एकटं १७० वॅटचं, त्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, पंखे आणि मॉनिटर मिळवा. रेंडर चालू असताना लाईट गेली की हा यूपीएस बीप करून मान टाकेल. इथे खरी गंमत आहे. आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचं कार्ड. व्हिडिओतली मंडळी दोन कार्डांची तुलना फ्रेममध्ये करतात, मी वॅटमध्ये करतो. कमी वॅट म्हणजे छोटा यूपीएस पुरतो, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याखालच्या खोलीत मशीन कमी तापतं. चार-पाच फ्रेम गेल्या तर जाऊ द्या.

‘घरी इन्व्हर्टर आहे, यूपीएस कशाला?’ हाही नेहमीचा प्रश्न. बऱ्याच इन्व्हर्टरांवर एक बटण असतं, यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड. नॉर्मलवर पंखा आणि ट्यूब चालते, पण वीज बदलायला तो वेळ घेतो. एटीएक्सच्या नियमाप्रमाणे एसएमपीएसनं लाईट गेल्यावर १६-१७ मिलिसेकंद तग धरायची असते. स्वस्त एसएमपीएस तेवढीही धरत नाही. बटण बघा, आणि इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे का तेही बघा.

एसएमपीएसवरचं लेबल वाचायला दोन मिनिटं लागतात. इनपुटसमोर १००-२४० लिहिलंय की २००-२४०? संध्याकाळी पंप सुरू झाल्यावर तुमच्याकडे बल्ब मिणमिणत असेल तर दुसऱ्या प्रकारचा घेऊ नका. ‘८० प्लस ब्राँझ’ म्हणजे दणकट, असाही एक समज आहे. ते प्रमाणपत्र किती वीज वाया जाते एवढंच सांगतं, आणि ती चाचणी २३ अंशांच्या आसपास होते. मुरबाडचा मे त्यात येत नाही. जादा दाब, जादा करंट, शॉर्ट यांपासून संरक्षण आहे का, वॉरंटी किती वर्षांची आहे, हे वेगळं विचारा.

आता ‘एफ’. हे मला सगळ्यात जास्त लागलं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावामागे एफ असतो त्यात ग्राफिक्स नसतं. ‘कार्ड घेतोयच तर एफ घ्या, दोनेक हजार वाचतात’, हा सल्ला मी डोळे झाकून घेतला. नवा एसएमपीएस लावल्यावर मदरबोर्ड आणि प्रोसेसर जिवंत निघाले, पण स्क्रीनवर काही दिसेना, कारण चित्र दाखवणारा एकमेव पार्ट वॉरंटीला गेलेला. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीनं कल्याण, तिथून दादर, गाडी बदलून ग्रँट रोड, मग चालत लॅमिंग्टन रोड. असे दोन हेलपाटे आणि २६ दिवस. नुसता १२४०० असता तर दादानं हळूहळू का होईना, काम ओढलं असतं.

एवढंच नाही. दादाचा कॅमेरा ४:२:२ १०-बिट एच.२६५ मध्ये शूट करतो. हे फुटेज उलगडण्याची सोय इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये ११ व्या पिढीपासून आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५ च्या ५० मालिकेत आली. म्हणजे एडिटिंगसाठी म्हणून मी ज्या कार्डात निम्मे पैसे घातले, त्यापेक्षा दोन हजारांसाठी सोडून दिलेला तुकडा टाइमलाइनवर जास्त कामाचा होता. हे कळल्यावर मी दोन दिवस दादाचा फोन उचलला नाही.

रॅमबद्दल फार बोलत नाही. एकाच क्षमतेच्या दोन पट्ट्या घ्या, आणि २०२५ च्या अखेरीपासून भाव भडकलेत म्हणून जमेल तेव्हा घ्या. स्टोरेजचं गणित मात्र करा. १०० मेगाबिटनं शूट केलं तर तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, सहा तास, ५४० जीबी. एका लग्नाचे. ते दोन ठिकाणी ठेवायचे, आणि दुसरी डिस्क मशीनला कायम जोडून ठेवायची नाही. गेम पुन्हा डाउनलोड होतो.

यावर मित्र म्हणतात, ‘मग लॅपटॉप घे ना, बॅटरी आतच असते.’ हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. लग्नाच्या मांडवात बसून त्याच दिवशी रील कापायची असेल तर लॅपटॉपच घ्या. पण चाळीस अंशांत तासभर रेंडर लावलं की तो वेग उतरवतो, आणि त्याचा मदरबोर्ड गेला की प्रोसेसर, कार्ड, बहुतेकदा रॅमही गेली. पीसीतला गेलेला एसएमपीएस शहापूरच्या बाजारात, नाहीतर कल्याणला बदलून मिळतो. दुरुस्ती किती लांब आहे, हाही पार्टचा एक गुण आहे. तो कुठल्या बेंचमार्कमध्ये येत नाही.

दुसरा आक्षेप असा की मी पोरांच्या गेमिंगवर पाणी ओततोय. ओतत नाही. उलट, याच पोरांना ‘आय-७ गेमिंग पीसी’ म्हणून २०११ सालचा आय-७ २६०० नवीन कॅबिनेटमध्ये, रंगीत दिवे लावून विकला जातो, त्याचा मला जास्त संताप येतो. त्यातही एसएमपीएस स्टिकरवालाच.

शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तिथलं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. सल्ला मात्र मुंबई-बंगळुरूहून इकडे वाहत येतो आणि कुणी तो गाळून घेत नाही. मीही घेतला नव्हता, आणि मी तर इथलाच.

गेल्या महिन्यात आसनगावच्या एका अकरावीतल्या मुलानं मला यादी पाठवली. वर ग्राफिक्स कार्ड, खाली एसएमपीएससमोर प्रश्नचिन्ह. मी विचारलं, “घरी अर्थिंग आहे का?” त्यानं हसण्याचे तीन इमोजी पाठवले. चार दिवसांनी एक फोटो आला. मल्टिमीटर, एक टोक न्यूट्रलमध्ये, एक अर्थिंगमध्ये. आकडा ४१. खाली लिहिलं होतं, “दादा, हे किती पाहिजे होतं?”