मणके जोडले, पोते मात्र तेवढेच

वर्षानुवर्षांच्या पाठदुखीवर झिजलेले मणके स्क्रू आणि सळ्यांनी एकमेकांना कायमचे जोडून टाकायचे, या शस्त्रक्रियेला स्पायनल फ्यूजन म्हणतात. खर्च लाखांत जातो. हमाल, बिगारी, सफाई कामगार यांच्या घरात असा सल्ला आला की दागिने मोडले जातात. म्हणून ही शस्त्रक्रिया कोणाला मानवते, हा प्रश्न एकट्या डॉक्टरांवर सोडून चालणार नाही.

स्वीडनमध्ये २००१ साली २९४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६३ टक्क्यांना बरे वाटले, इतर उपचार घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना. २००५ साली ब्रिटनमधील ३४९ रुग्णांच्या अभ्यासात मात्र, नेटाने करून घेतलेला व्यायाम आणि मानसिक आधार यांच्यापेक्षा शस्त्रक्रियेचा फायदा नाममात्रच निघाला. अमेरिकेतील ओहायो राज्यात तर भरपाईचा दावा केलेले कामगारच तपासले गेले. दोन वर्षांनंतर फ्यूजन झालेल्यांपैकी २६ टक्के कामावर परतले होते, न झालेल्यांपैकी ६७ टक्के. (हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे.)

ज्यांना गुण कमी येतो त्यांची वैशिष्ट्ये वैद्यकशास्त्राने नोंदवली आहेत. धूम्रपान, नैराश्य, लांबलेली रजा आणि भरपाईचा दावा. धूम्रपानाचे खरेच आहे, त्याने हाड नीट जुळत नाही. पण विमा कंपनीचा वकील या यादीतून एवढेच वाचतो, की दावा आहे म्हणून दुखते आहे! हा सरळसरळ उलटा न्याय आहे. दावा करणारा म्हणजे बहुधा ओझे वाहणारा माणूस. टेबलावरून उतरला की त्याला पुन्हा त्याच पोत्याखाली जायचे असते. नैराश्य तरी कुठून येते? बुडालेल्या रोजातूनच ना?

आमच्या कायद्याचीही तीच तऱ्हा. १९२३ चा भरपाई कायदा कामामुळे आणि काम करताना झालेला अपघात मागत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली सामाजिक सुरक्षा संहिताही तेच मागते. वीस वर्षे झिजलेल्या पाठीने अपघाताची तारीख कोणती सांगावी? ओझ्याने झिजलेली पाठ व्यावसायिक आजारांच्या यादीत स्पष्ट शब्दांत आली पाहिजे. कामगार संघटनांनी ही मागणी लावून धरावी.

तोवर कार्यकर्त्यांनी एवढे करावे. मोडलेला मणका, क्षयरोग किंवा पायातली ताकद जाणे, यांत डॉक्टरांचे ऐकण्यात दिरंगाई नको. नुसत्या जुनाट दुखण्यासाठी शस्त्रक्रिया सुचवली असेल, तर आधी व्यायामोपचार पुरते झाले का, हे रुग्णासोबत जाऊन विचारावे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. कामाचे स्वरूप व ओझ्याचे वजन केसपेपरवर लिहून घ्यायला विसरू नये.