संशयापूर्वी शोध

वायरचे इअरफोन सहसा हरवत नसत. ते गुंतत असत. वायर गेली, गुंता सुटला, परंतु दीड-दोन हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत मोलाची, अंगठ्याच्या पेराएवढी वस्तू खिशातून वा सोफ्याच्या फटीत निसटू लागली. अशा वेळी घरातील पहिला प्रश्न बहुधा "कोणी उचलले?" हाच असतो आणि नजर दुकानातील मुलाकडे किंवा घरकाम करणाऱ्या ताईंकडे वळते. वास्तविक शोधाचे साधन आपल्याच हातातील मोबाइलमध्ये असते.

आयफोनमध्ये 'फाइंड माय', अँड्रॉइडमध्ये गूगलचे 'फाइंड हब' (२०२५ पर्यंत याचे नाव 'फाइंड माय डिव्हाइस' होते) आणि सॅमसंगमध्ये 'स्मार्टथिंग्ज फाइंड' ही सोय आहे. मात्र प्रत्येक कंपनीचे प्रत्येक मॉडेल यांत बसतेच असे नाही. खरेदीपूर्वी तेवढे विचारून घ्यावे.

ॲप उघडताच नकाशावर एक ठिपका दिसतो. अनेकदा ते इअरफोनचे आजचे स्थान नसून मोबाइलशी त्यांचा शेवटचा संपर्क जेथे झाला ते ठिकाण असते. तारीख न पाहता खात्यातील शिल्लक आपण ग्राह्य धरत नाही. तद्वत ठिपक्याशेजारची वेळ आधी वाचावी. ठिपका इमारत दाखवतो, मजला दाखवत नाही. तो शेजाऱ्यांच्या घरावर दिसला, एवढ्यावरून शेजाऱ्यांना जाब विचारणे सर्वथा अयोग्य होय.

दुसरा उपाय आवाजाचा. ॲपमधून आज्ञा देताच इअरफोन वाजू लागतात. फक्त ते त्या वेळी कोणाच्या कानात नाहीत, याची खात्री करावी. बहुतेक मॉडेलमध्ये इअरफोन डबीत बंद असतील तर हा आवाज निघत नाही. २०२२ मध्ये आलेल्या एअरपॉड्स प्रोच्या दुसऱ्या पिढीपासून काही डब्यांना स्वतंत्र स्पीकर मिळाला.

इअरफोन साधे असतील तरीही एक मार्ग उरतो. ब्लूटूथ संदेशाची तीव्रता मोजणारी ॲप मिळतात. त्यांत उणे आकडे दिसतात: उणे ९० म्हणजे वस्तू दूर, उणे ५० म्हणजे ती अगदी जवळ. ब्लूटूथचा पल्ला घरात साधारण दहा मीटर धरावा. दोन पावले चालावे, क्षणभर थांबावे, आकडा स्थिर होऊ द्यावा, मगच दिशा बदलावी. लोखंडी कपाट, काँक्रीटची भिंत, इतकेच नव्हे तर आपले स्वतःचे शरीरही संदेश अडवते. त्यामुळे आकडा एकदा घसरला म्हणून ती खोली वगळू नये.

या सर्वांना काळाची मर्यादा आहे. डबीबाहेर पडलेल्या इअरफोनची बॅटरी काही तासांतच संपते आणि मग ते ना वाजतात, ना संदेश देतात. म्हणून चौकशीत दिवस न दवडता शोध लगेच सुरू करावा. ब्लूटूथच्या यादीतून त्यांचे नाव मात्र पुसू नये; तसे केल्यास मोबाइलचा त्यांच्याशी असलेला दुवाच तुटतो. ठिपका अनोळखी वस्तीत दिसल्यास एकट्याने तेथे न जाता पोलिसांची मदत घ्यावी.

आणि या क्रमाला एक व्यावहारिक कारणही आहे. इअरफोन गेले तर नवे आणता येतात. दहा वर्षे गल्ल्याच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसावर एकदा घेतलेला संशय, वस्तू उशीच्या अभ्र्यात सापडल्यानंतरही त्याच्या मनातून जात नाही. तेव्हा माणसांना विचारण्याआधी ॲपला विचारावे. त्यासाठी आजच घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ही सोय सुरू आहे ना, हे पाहून घ्यावे. वस्तू हरवल्यानंतर ती सुरू करून उपयोग नसतो.