अनाथांची सेवा : आश्रमाकडून घराकडे

ख्रिस्ती सेवाकार्य म्हटले की मराठी माणसाच्या मनापुढे दोन चित्रे हटकून उभी राहतात : मिशनचा दवाखाना आणि मिशनचा अनाथाश्रम. यांपैकी दवाखान्याचे रूप काळाबरोबर बदलले. अनाथाश्रमाची कल्पना मात्र दात्यांच्या मनात अद्याप जुनीच आहे. मोठे आवार, लांबलचक शयनगृह, एका रंगाच्या गणवेशातील मुले आणि भिंतीवर देणगीदारांच्या नावांची फरशी, असे तिचे ठरलेले स्वरूप आहे. या कल्पनेमागची करुणा खरी आहे, हे निर्विवाद. प्रश्न असा आहे की, ज्या मुलाची आई जिवंत आहे, त्या मुलाचे हित या आवारात साधते काय? आणि ज्या धर्मश्रद्धेतून हे आश्रम उभे राहिले, तिचा मूळ आदेश तरी असा होता काय?

बायबलमध्ये ‘अनाथ’ हा शब्द बहुधा एकटा येत नाही. त्याच्या जोडीला ‘विधवा’ हा शब्द असतो. ‘अनुवाद’ या ग्रंथात शेतकऱ्याला आज्ञा आहे की, कापणीत विसरलेली पेंढी आणण्यास त्याने परत जाऊ नये. ती परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राहू द्यावी. प्रेषितांच्या काळी यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात काही विधवांची उपेक्षा होऊ लागली, तेव्हा त्या कामावर सात माणसे नेमण्यात आली. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर विधवेचा भार प्रथम तिच्या आप्तांनी उचलावा आणि जिला कोणीच नाही तिचा भार मंडळीने घ्यावा, असा स्पष्ट क्रम घालून दिला आहे. याकोबाच्या पत्राने शुद्ध धर्माची खूण म्हणून सांगितली ती गोष्टही अनाथ व विधवा यांच्या अडचणीत त्यांच्याकडे जाण्याची आहे; त्यांना उचलून दुसरीकडे नेण्याची नव्हे. ज्या समाजात कर्ता पुरुष गेला की घरच निराधार होते, त्या समाजात अनाथ मूल आणि विधवा आई हे एकाच आपत्तीचे दोन भाग होत. धर्मग्रंथाने त्यांना एकत्र पाहिले. संस्थांनी पुढे त्यांची ताटातूट केली.

ही ताटातूट कशी झाली, हे पाहताना मात्र इतिहासाला न्याय दिला पाहिजे. जर्मनीतून इंग्लंडमध्ये आलेल्या जॉर्ज म्यूलर यांनी १८३६ मध्ये ब्रिस्टल शहरात पहिले अनाथगृह उघडले. १८७० पर्यंत त्यांच्या पाच भव्य इमारतींत दोन हजारांवर मुलांची सोय झाली होती. परंतु त्यांचा एक नियम आज विसरला जातो : ज्याचे आई आणि बाप दोघेही वारले आहेत, अशाच मुलाला तेथे प्रवेश असे. म्यूलर यांच्या चरित्राचा प्रभाव ज्यांच्यावर पडला, त्यांत पंडिता रमाबाई होत्या. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप गमावलेल्या या विदुषीला अनाथपण पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व विधवा यांना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या वस्तीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्या मुलींना परत पाठवावे असे घरच उरले नव्हते. शिवाय केडगाव हे केवळ मुलांचे वसतिगृह नव्हते. तेथे विधवा होत्या, वृद्धा होत्या, अंध स्त्रिया होत्या. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना असे उद्योग होते. निराधार स्त्रीला स्वतःच्या पायांवर उभे करावे, हा त्या योजनेचा गाभा होता. त्याच सुमारास, १८९६ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या संस्थेचे नाव ‘अनाथ बालिकाश्रम’ असे होते, पण आश्रय मुख्यतः विधवांना होता. विधवा आणि अनाथ यांचे दुःख एकच, हे त्या पिढीला ठाऊक होते.

दुष्काळ ओसरला; त्यासाठी उभी राहिलेली पद्धत मात्र मागे राहिली. आपत्काळात जो उपाय अपरिहार्य होता, तो सामान्य काळातही पहिला उपाय ठरला. आज अनेक देशांत अनाथालयांत राहणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्यांचे आई किंवा वडील हयात असतात. त्यांना तेथे आणते ते मरण नव्हे, दारिद्र्य. नवरा गेलेली शेतमजूर बाई मुलाला दोन वेळचे अन्न आणि शाळा मिळेल या आशेने आश्रमाच्या दारात आणून सोडते आणि मोकळ्या हाताने परत जाते. तिने मुलाचा त्याग केलेला नसतो. मुलाच्या पोटासाठी मोजलेली ती जबर किंमत असते.

यामागचे अर्थशास्त्र उघड आहे. मदतीचा पैसा संस्थेच्या खाटेमागे जातो, घराच्या चुलीमागे जात नाही. इमारत, पहारेकरी, स्वयंपाकी, व्यवस्थापक हा खर्च मुले थोडी असोत वा फार, कमी होत नाही. म्हणून खाटा भरलेल्या असणे ही संस्थेची गरज बनते. दात्यालाही इमारत दिसते, मुलांचे छायाचित्र दिसते. एखाद्या विधवेच्या खोलीचे भाडे भरले, तिला शिलाई यंत्र मिळाले, मूल शाळेत टिकले, याचे छायाचित्र निघत नाही. कंबोडियासारख्या देशात परदेशी देणग्यांचा ओघ वाढला, तेव्हा पालक असलेली मुलेही अनाथालयांत भरती झाली, ती याच कारणाने. मागणी निर्माण झाली की पुरवठा होतो, हा नियम करुणेच्या बाजारालाही लागू पडतो.

या व्यवस्थेची दुसरी किंमत मूल स्वतः मोजते. १९८९ मध्ये रुमानियाची राजवट कोसळली, तेव्हा तेथील सरकारी बालगृहांत एक लाखाहून अधिक मुले असल्याचे उघडकीस आले. पुढे बुखारेस्टमध्ये १३६ लहान मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवड करून काही मुले पालक-कुटुंबांत ठेवली गेली, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि भावनिक वाढ सरस ठरली. जी दोन वर्षांची होण्यापूर्वी गेली, त्यांना सर्वाधिक लाभ झाला. ती बालगृहे अतिशय निकृष्ट होती आणि प्रत्येक आश्रम तसा नसतो, हे खरे. परंतु पाळीपाळीने बदलणारे कर्मचारी एका मायेच्या माणसाची जागा घेऊ शकत नाहीत, ही गोष्ट चांगल्या आश्रमालाही चुकत नाही.

कायद्याने ही दिशा यापूर्वीच स्वीकारली आहे. केवळ दारिद्र्यापायी मुलाला कुटुंबापासून वेगळे करू नये, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याने संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला. ‘मिशन वात्सल्य’च्या २०२२ च्या नियमांत विधवा आई किंवा नातेवाईक यांच्याजवळ राहणाऱ्या गरजू मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे, महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेची रक्कम २०२३ मध्ये १,१०० वरून २,२५० रुपये झाली. म्हणजे तत्त्व मान्य झाले आहे; अडचण आहे ती ते पैसे त्या बाईच्या हाती पडण्याची. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते आणि कचेरीचे हेलपाटे या वाटेवर रोजंदारी बुडवून चालणे निरक्षर विधवेला परवडत नाही.

नेमक्या याच ठिकाणी ख्रिस्ती मंडळींना करण्याजोगे मोठे कार्य आहे. गावातील कोणते घर मोडकळीस आले आहे, हे धर्मगुरूला आणि मिशनच्या शाळेतील शिक्षकाला सरकारी यंत्रणेच्या आधी कळते. त्यांनी अर्ज भरून द्यावा, मंजुरीपर्यंतचे महिने मंडळीच्या निधीतून निभावावेत, आईला काम मिळवून द्यावे आणि महिन्यातून एकदा घरी जाऊन मुलाची विचारपूस करावी. रोख मदत वाया जाईल, अशी भीती काही जण व्यक्त करतात. तिचे उत्तर या नियमित भेटीतच आहे.

धर्मांतराच्या संशयालाही याहून चांगले उत्तर नाही. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडत असल्यावरून वादळ उठले आणि न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक त्या संस्थेपासून दूर झाले. रमाबाईंची बाजू कितीही प्रामाणिक मानली, तरी अन्न, वस्त्र आणि आसरा ज्याच्या हाती, त्याच्या धर्माची निवड आश्रिताने पूर्ण स्वातंत्र्याने केली, हे सिद्ध करणे नेहमीच कठीण जाणार. मूल आईजवळच राहिले, तर तिचा धर्म, तिची भाषा, तिचे सोयरे त्याच्याजवळ राहतात आणि मदत ही केवळ मदत उरते.

याचा अर्थ सर्व आश्रमांना कुलुपे लावावीत असा नाही. ज्यांचे कोणीच नाही, ज्यांना घरातच मारहाण वा अत्याचार सोसावा लागतो, त्यांना आसरा लागणारच. तोही लहान आणि घरासारखा असावा. खुद्द म्यूलर यांच्या संस्थेने १९५८ मध्ये आपल्या प्रचंड इमारती विकल्या आणि लहान घरांची पद्धत स्वीकारली. ज्या संस्थांना शंभर वर्षांची पुण्याई आहे, त्यांनी प्रवेशाच्या नोंदवहीत यापुढे पहिला प्रश्न हा विचारावा : या मुलाची आई आहे काय? असल्यास त्या खाटेचा खर्च तिच्या घरी पोहोचवता येईल काय? आणि दात्यांनीही देणगी देताना किती मुले ठेवली हे विचारण्याऐवजी किती मुले आपल्या घरी राहू शकली, याचा हिशेब मागावा.