मनोऱ्यावरचा माणूस

भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांविषयी जनतेत जी भीती आहे तिची थट्टा करण्याचे कारण नाही. तिला खतपाणी घालणेही समाजवादी कार्यकर्त्याला शोभणारे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरी ‘संभाव्य’ कर्ककारकांच्या गटात घातल्या. म्हणजे पुरावा तोकडा, पण शंका पुरती फिटलेली नाही. १ सप्टेंबर २०१२ पासून भारत सरकारने मनोऱ्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक-दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ४.५ वॉटऐवजी ०.४५ वॉट. हे स्वागतार्हच होते. परंतु मर्यादा पाळल्याचे प्रमाणपत्र देणार कोण? खुद्द कंपन्याच! सरकारी तपासणी ठरली ती फार तर दहा टक्के मनोऱ्यांची. पुढे २०१७ साली नागरिकाला मोजणी मागण्याची सोय झाली, तीही चार हजार रुपये भरून. चाळकऱ्याने ते कोठून आणावेत?

आणि मनोऱ्यावर चढणाऱ्या कंत्राटी कामगाराचे नावच कोणी घेत नाही. लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. साहजिकच अँटेनाला खेटून काम करणारा रहिवाशाहून कैक पटींनी अधिक झेलतो. आंतरराष्ट्रीय शिफारशीत कामगारांची मर्यादा जनतेच्या पाचपट सैल आहे, ती त्यांना प्रशिक्षण व धोक्याची जाणीव असते या गृहीतावर. ठेकेदाराने रोजंदारीवर आणलेल्या पोराला हे प्रशिक्षण कोण देतो? दुरुस्तीच्या वेळी अँटेना बंद, कामगाराच्या अंगावर मोजणीयंत्र आणि वस्तीला विनामूल्य मोजणी, या मागण्या आपल्या संघटनांनी ‘मनोरा हटाव’च्या आधी हाती घ्यावयास हव्यात.