प्रकाशाचे अंदाजपत्रक

बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात हमखास एक तुळशीची कुंडी असते. पुण्याच्या किंवा नागपूरच्या अंगणात बारमाही फुलणारी ही तुळस दिल्लीचा पहिला हिवाळा मात्र सहसा पाहू शकत नाही. जानेवारीच्या रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा गृहिणी कुंडी उचलून दिवाणखान्यात आणते. थंडीपासून रोप वाचते. तरीही पंधरा-वीस दिवसांत पाने पिवळी पडून गळू लागतात आणि दोष पुन्हा थंडीच्याच माथी मारला जातो. वस्तुतः घरात आलेली तुळस थंडीने जात नाही, ती उपासमारीने जाते. तिचे अन्न प्रकाशापासून तयार होते आणि दिवाणखान्यात तो जवळजवळ नसतोच.

हे पटणे कठीण जाते, कारण आपल्या डोळ्यांना खोली चांगली उजळ दिसते. डोळा हा प्रकाशाचा फार उदार लेखापरीक्षक आहे. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, मोकळ्या सावलीत दहा हजारांच्या आसपास आणि दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत अवघा शंभर ते तीनशे लक्स. म्हणजे अंगणातून आत आलेल्या रोपाचे उत्पन्न एका दिवसात शंभरपटींहून अधिक घटते. आपल्याला मात्र ती खोली केवळ किंचित अंधारी वाटते.

यावर उपाय म्हणून घरच्या घरी एलईडीचा दिवा तयार करण्याचा उत्साह अलीकडे बराच वाढला आहे आणि तो स्वागतार्हच आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेनंतर एलईडी दिव्यांच्या किमती झपाट्याने उतरल्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट किंवा दिल्लीचे लजपतराय मार्केट, कोठेही सुटे भाग सहज मिळतात. पण या उद्योगात चूक होते ती सुरुवातीलाच. आधी दिवा विकत घेतला जातो आणि मग त्याखाली कोणते रोप ठेवावे याचा विचार होतो. उत्पन्नाचा पत्ता नसताना कर्जाचा हप्ता ठरवण्यासारखाच हा प्रकार होय. आराखड्याची पहिली ओळ रोपाच्या गरजेची असली पाहिजे.

ही गरज मोजण्याची रीत अवघड नाही. वनस्पती प्रकाशाचे कण वापरते. दिवसभरात एका चौरस मीटरवर किती कण पडले, हे ‘मोल’ या मापात सांगतात. दूध लिटरमध्ये मोजावे, तसेच हे एक माप. घरातील शोभेच्या झाडांना दिवसाला दोन ते सहा मोल पुरतात. सॅलडच्या पानांसारख्या पालेभाज्यांना बारा ते सतरा लागतात, तर टोमॅटोला वीस ते तीस. याखाली आणखी एक मर्यादा आहे. पान श्वसनातही साखर खर्च करते, आणि जमा व खर्च जेथे समान होतात त्या प्रकाशपातळीला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी निःसंकोचपणे ‘ना नफा ना तोटा बिंदू’ म्हणेल. त्या खाली रोप आपली ठेव मोडून जगते. दिवाणखान्यातील तुळस नेमके हेच करत असते.

आता दिव्याची बाजू पाहावी. खोक्यावर वॅटच्या शेजारी ल्युमेनचा आकडा छापलेला असतो, तोच महत्त्वाचा. पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत ढोबळमानाने सत्तर ल्युमेन म्हणजे सेकंदाला एक मायक्रोमोल, अर्थात मोलचा दशलक्षांश भाग. चार फुटी, २० वॅटची, २,००० ल्युमेनची साधी नळी घेतली तर सुमारे २८ मायक्रोमोल मिळतात. त्यातील तीस टक्के इकडेतिकडे वाया गेले असे धरले, तर रोपांपर्यंत वीस पोहोचतात. चार फूट लांब व एक फूट रुंद फळी म्हणजे ०.३७ चौरस मीटर. तिच्यावर चार नळ्या लावून त्या १४ तास जळत ठेवल्या, तर दिवसाला सुमारे ११ मोल होतात. पालेभाजीच्या गरजेच्या जवळपास आपण आलो, पण किंचित खालीच राहिलो.

येथपर्यंत हिशेब करणारे पुष्कळ आहेत, पण खर्चाची बाजू बहुतेक जण लिहीतच नाहीत. ८० वॅट १४ तास म्हणजे रोज १.१२ युनिट, महिन्याला साधारण ३४ युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर पावणेतीनशे रुपयांच्या घरात बिल. या चार चौरस फुटांतून महिन्याकाठी निघणारी कोथिंबीर मंडईतून आणली तर ती बहुतेक वेळा याहून स्वस्त पडेल. शिवाय दिवस फार लांबवला की कोथिंबीर लवकर फुलावर येते, ते वेगळेच. टोमॅटोला याच्या दुपटीहून अधिक प्रकाश हवा, म्हणजे बिलही तितकेच. हौसेला मोल नसते हे मान्य, परंतु बचत होईल या समजुतीने कोणी स्वयंपाकघरात मळा उभारू पाहत असेल, तर त्याला वेळीच सावध करणे हेच स्नेहाचे लक्षण.

आणखी एक भ्रम रंगाचा. वनस्पतींसाठी दिवा म्हटला की जांभळा प्रकाशच हवा, अशी समजूत रूढ झाली आहे आणि त्यासाठी दुप्पट-तिप्पट किंमत मोजली जाते. पाने हिरवी दिसतात, म्हणून हिरवा प्रकाश ती सर्वस्वी परतवून लावतात, असे मानले गेले. परंतु १९७० च्या दशकाच्या प्रारंभी कीथ मॅक्री यांनी २२ प्रकारच्या पिकांवर केलेल्या मोजमापांतून हिरवा प्रकाशही प्रकाशसंश्लेषणाच्या बऱ्यापैकी उपयोगी पडतो, हे स्पष्ट झाले. लाल व निळ्या रंगांची कार्यक्षमता अधिक आहे, यात वाद नाही. पण पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडीच असतो. त्यावरील पिवळसर लेप निळ्याचा काही भाग हिरव्या, पिवळ्या व लाल प्रकाशात रूपांतरित करतो. ज्या निळ्या एलईडीने हे शक्य केले, त्याबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील ‘व्हेजी’ या वाफ्यात तर लाल-निळ्यासोबत हिरवे दिवेही मुद्दाम बसवले आहेत. त्यामुळे पाने माणसाला नैसर्गिक व खाण्याजोगी दिसतात. तेथे वाढवलेले लेट्यूस अंतराळवीरांनी ऑगस्ट २०१५ मध्ये खाल्ले. जांभळ्या उजेडात पानावरची कीड वा पिवळेपणा धड दिसत नाही, हा तोटा घरगुती माळ्याला अधिक जाचतो. तेव्हा घरासाठी पांढरा एलईडीच घ्यावा. ‘हजार वॅट’ असे ठळकपणे छापलेल्या दिव्यांपासून तर दूरच राहावे, कारण त्यांतील कित्येक दिवे प्रत्यक्षात शंभर वॅटच वीज घेतात.

प्रत्यक्ष बांधणीत कंजुषी करू नये अशी एकच जागा आहे, ती सुरक्षिततेची. पाणी आणि २३० व्होल्ट एकाच फळीवर नांदणार, हे विसरता कामा नये. सुटे एलईडी थेट मुख्य विजेला जोडण्याचे धाडस कोणीही करू नये. १२ व्होल्टची पट्टी आणि तिला योग्य असा, मानक ब्यूरोची नोंदणी असलेला वीजपुरवठा संच घेणे शहाणपणाचे. पट्टी ६० वॅटची असेल तर संच ८० वॅटचा असावा, कारण काठोकाठ भार सोसणारा संच तापतो व लवकर जळतो. पाच मीटरची पट्टी एकाच टोकाने जोडली तर दुसरे टोक मंद जळते, म्हणून तिचे तुकडे करून प्रत्येकाला स्वतंत्र तार द्यावी. पट्टी लाकडावर न चिकटवता ॲल्युमिनियमच्या पन्हाळीवर चिकटवावी. साध्या एलईडीतही निम्म्याहून अधिक विजेची उष्णताच होते आणि ती वाहून नेली नाही, तर दिव्याचे आयुष्य घटते. वीजपुरवठा संच कुंड्यांच्या वर किंवा बाजूला असावा, खाली कदापि नव्हे. तार सॉकेटच्या खाली लोंबू द्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता तेथेच ठिबकेल. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर आधी तो बसवून घ्यावा, मग दिव्याचा विचार करावा. यातील काही समजत नसेल तर वायरमनला बोलावण्यात कमीपणा नाही.

अंतराचेही भान हवे. एकट्या बल्बचे अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाईवर येतो. म्हणून दिवा छताला टांगणे म्हणजे फरशी उजळण्यासाठी वीज भरणे. तो रोपापासून वीतभर उंचीवर, वरखाली करता येईल असा असावा. आणि चालू-बंद करण्याचे काम आठवणीवर न सोपवता शे-पाचशे रुपयांच्या टायमरवर सोपवावे. रात्री रोपाला अंधार हवाच.

आता पुन्हा तुळशीकडे वळू. एका कुंडीचा पसारा जेमतेम एक चौरस फुटाचा. नऊ वॅटचे, प्रत्येकी ९०० ल्युमेनचे दोन बल्ब आणि त्यांवर पांढऱ्या पत्र्याचे झाकण. अर्धा प्रकाश वाया गेला असे धरले, तरी बारा तासांत सुमारे सहा मोल मिळतात. तुळस यावर बहरणार नाही, पण ठेव न मोडता हिवाळा काढील, आणि कुंडी खिडकीशी ठेवली तर थोडी भर आणखी पडेल. वीज महिन्याला साडेसहा युनिट, म्हणजे पन्नासएक रुपये. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीअखेर, दोन महिन्यांचे शंभर. कोथिंबिरीला नकार देणारा हाच हिशेब तुळशीला खुशाल मंजुरी देतो. उत्तरेकडील थंडीत पाने टाकणाऱ्या कढीपत्त्याच्या लहान रोपालाही देईल.

फेब्रुवारीच्या अखेरीस रात्रींचा गारवा ओसरला की कुंडी पुन्हा बाहेर न्यावी. मात्र थेट उन्हात ठेवू नये, कारण दिव्याखाली आलेली कोवळी पाने एका दुपारीत करपतात. पहिले चार दिवस सज्जाच्या सावलीत, पुढचे चार सकाळच्या उन्हात आणि मग जुन्या जागी.